फडावरची अमेरिका : मुंबईतील हिपहॉप मैफलींचा पूर्वेतिहास

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दुःख मराठी माणसाला प्रथम भेटले ते छापील पानावर. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली, ती गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. पुढे १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या. १९६० च्या दशकात अमेरिकेत शिकून परतलेल्या म. ना. वानखडे यांनी तेथील निग्रो साहित्याचा परिचय करून दिला आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातील तरुण लेखकांना आपल्या लेखनाला एक दूरचा भाऊ असल्याची जाणीव झाली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तिचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. १९७८ मध्ये जनार्दन वाघमारे यांचे 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' आले. आजही दलित साहित्याची प्रश्नपत्रिका काढताना 'निग्रो साहित्य आणि दलित साहित्य : साम्य-भेद' हा प्रश्न टाळणे परीक्षकाला अवघड जाते!

हा सगळा इतिहास आपण शिकतो आणि शिकवतो. मात्र तो डोळ्यांचा इतिहास आहे. ज्या समाजाची वेदना आपण इतक्या आस्थेने वाचली, त्या समाजाने ती वेदना (आणि तिच्याइतकाच महत्त्वाचा असा आपला आनंद) प्रामुख्याने ज्या रूपात व्यक्त केला, ते रूप गाण्याचे, वाजविण्याचे, नाचण्याचे होते. ते आपण ऐकले का? आणि ऐकले असेल तर कुणी, कुठे, कोणत्या दाराने आत जाऊन? मुंबईत आज अमेरिकन रॅपरची मैफल म्हणजे महिनोन्‌महिने चर्चेचा विषय असतो. त्या गर्दीविषयी तुच्छतेने किंवा भाबड्या कौतुकाने बोलण्यापूर्वी या दुसऱ्या इतिहासाकडे, कानाच्या इतिहासाकडे, वळणे आवश्यक वाटते.

कानाचा हा इतिहास सुरू होतो अपोलो बंदरावर. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आपला संपूर्ण कृष्णवर्णीय वादकांचा जाझ-ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यामागोमाग क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला. वेदरफोर्ड तर हिंदुस्थानातच राहिला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महल फॉक्सट्रॉट' या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या दिवसांची फार जिव्हाळ्याने नोंद केली आहे. स्वतःच्या देशात ज्या हॉटेलांत गिऱ्हाईक म्हणून शिरणे या वादकांना अशक्य होते, तशा हॉटेलात ते येथे मानाने राहत होते, आणि ज्या देशात ते राहत होते तेथील अस्पृश्यांना मात्र गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते. येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेही सालही १९३५ च. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. संबंध नसणे हाच येथे मुद्दा आहे.

ताजच्या नृत्यशाळेत पुढच्या दाराने जाणारे कोण होते हे सांगायला नको : साहेब, संस्थानिक, श्रीमंत पारशी व इतर धनिक. पण मागच्या दाराने जाणारेही काही होते. गोव्याहून आलेले, चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले ख्रिस्ती वादक या ताफ्यांच्या शेजारी बसून वाजवू लागले, शिकू लागले. अंतोनियो झेवियर वाझ हा त्यांतलाच एक. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत आणि हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखत. या चिक चॉकलेटची गाठ पडली आमच्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांशी, म्हणजेच सी. रामचंद्रांशी, आणि त्यातून १९५१ चा 'अलबेला' घडला. त्या चित्रपटाचा नायक-दिग्दर्शक भगवान पालव हा गिरणी कामगाराचा मुलगा. म्हणजे हार्लेमची लय ताजच्या दिवाणखान्यातून मागच्या दाराने बाहेर पडली, गोव्याच्या वादकाच्या ट्रंपेटमधून एका मराठी संगीतकाराच्या चालीत आली आणि परळ-लालबागच्या गणपतीपुढे नाचली. नाचणाऱ्याला तिचे मूळ गाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्या समीक्षेने 'अलबेला'ची दखल घेतली असती तर मराठी संस्कृतीवरील आफ्रो-अमेरिकन प्रभावाचा इतिहास आपल्याला १९७२ पासून नव्हे तर १९५१ पासून मोजावा लागला असता. असो.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला असे वाटू लागले, की आपल्या देशातील वंशभेदाची जी अपकीर्ती जगभर होते आहे तिच्यावर जाझ हा चांगला उतारा आहे. म्हणून १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला (तो स्वतः गोरा; येथे अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर त्याने वाजविलेही), १९६३ च्या शरद ऋतूत ड्यूक एलिंग्टनचा ताफा आला, १९६४ मध्ये खुद्द आर्मस्ट्राँग आला. एलिंग्टनच्या त्या दौऱ्याची अखेर केनेडींच्या हत्येमुळे अर्ध्यावरच झाली, पण त्यातून पुढे 'फार ईस्ट स्वीट' ही त्याची रचनामाला जन्माला आली. तिच्यात एका पक्ष्याच्या शिळेच्या रूपाने दिल्लीही आहे. आता या मैफलींची मराठी साहित्यात नोंद शोधावी, तर हाती फारसे लागत नाही. 'सत्यकथा'च्या त्या वर्षांत नवकथेची, नवकवितेची, अस्तित्ववादाची चर्चा रंगलेली होती. एलिंग्टन गावात येऊन गेला याचे सोयरसुतक त्या चर्चेला नव्हते. नामदेव ढसाळ तेव्हा चौदा वर्षांचे होते आणि कामाठीपुऱ्याच्या आसपासच्या वस्तीत वाढत होते. तेथून ताजमहाल हॉटेल काही किलोमीटरच. पुढे याच मुलाने ब्लॅक पँथरचे नाव आपल्या भाषेत आणले, ते वाचून. ऐकण्याची सोय असूनही त्याने ते वाचूनच आणावे, हे या शहराच्या रचनेविषयी पुष्कळ काही सांगते.

अपवाद होते. अरुण कोलटकर पखवाज शिकले अर्जुन शेजवळांकडे, आणि त्याच माणसाने १९७० च्या दशकाच्या आरंभी इंग्रजीत गाणी रचून ती ध्वनिमुद्रित करण्याचा खटाटोप केला. ब्लूज आणि अभंग ही दोन्ही एकाच गळ्याची गाणी असू शकतात हे ज्याच्या कानाला कळले होते, असा तो बहुधा आपला एकमेव मोठा कवी. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांनी 'जाझ यात्रा' सुरू केली. पहिल्याच यात्रेत सॉनी रोलिन्स वाजवून गेला आणि धोबीतलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली हे संगीत ऐकण्याची मुभा महाविद्यालयीन मुलांना मिळाली. ताजचे दार नाही, गळ्यात टाय नाही, अशी ही पहिलीच खुली जागा. शाळा-महाविद्यालये आणि रुग्णालये जवळ असल्याने ती शांतता क्षेत्रात मोडली आणि २००० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील मैफली बंद पडल्या. रुग्णालयाशेजारी ढोल बडवावेत असे कोणी म्हणणार नाही. पण एक खुली जागा गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी आली नाही, हेही नोंदविले पाहिजे.

इथे थोडे मागे जाऊन न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डोकावू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, शाळा उघडण्याच्या निमित्ताने, कूल हर्क नावाच्या जमैकन स्थलांतरित तरुणाने आणि त्याच्या बहिणीने एक मेजवानी ठेवली. प्रवेशशुल्क मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. हर्कच्या लक्षात आले होते, की नाचणाऱ्यांना गाण्याचा सर्वांत प्रिय भाग म्हणजे ज्यात गाणे थांबते आणि केवळ ताल उरतो तो. त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा लांबविला. त्या लांबलेल्या तालावर कोणीतरी ध्वनिक्षेपकातून हाळ्या देऊ लागले, हाळ्यांच्या ओळी झाल्या, ओळींना यमके आली. हिपहॉपचा जन्म हा असा सांगितला जातो. भाड्याच्या इमारती जळत होत्या, महामार्गाने वस्ती चिरली होती, कारखाने निघून गेले होते. 'गोलपिठा' हा संग्रह तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला तो १९७२ मध्ये, म्हणजे या मेजवानीच्या आदल्या वर्षी. जगाच्या दोन टोकांवरच्या दोन टाकलेल्या वस्त्या एकाच सुमारास बोलू लागल्या होत्या आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. मुंबईतील पँथर त्या वेळी जी ब्लॅक अमेरिका वाचत होते, ती १९६० च्या दशकाची होती. १९७३ ची ब्लॅक अमेरिका छापली जात नव्हती, वाजत होती.

ती वाजती अमेरिका आपल्याकडे आली तेव्हा मैफलीतून आली नाही. आधी आले नाच : व्हिडिओ कॅसेटवरचे 'ब्रेकडान्स'चे चित्रपट, मग १९९६ पासून दूरचित्रवाणीवरचा 'बूगी वूगी'. बाबा सेहगलचे 'ठंडा ठंडा पानी' १९९२ चे; त्याला रॅप म्हणत, पण त्याची गंमत विडंबनाची होती. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. जॅक्सन हा हिपहॉपचा नव्हे, तरी कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताला मुंबईने मैदानात पाहिले ते त्याच दिवशी. राज ठाकरे यांच्या शिव उद्योग सेनेच्या निधीसाठी तो योजला होता, जॅक्सन 'मातोश्री'वर जाऊन आला, युती सरकारने करमणूक कर माफ केला, मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयात गेली आणि त्या कराचे घोंगडे २०२१ पर्यंत भिजत पडले. संस्कृतिरक्षणाच्या आणि भूमिपुत्रांच्या राजकारणाला मायकेल जॅक्सन कसा चालला, असा उपहासाचा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी केला. मला तो प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटत नाही. नृत्यशाळेतून मैदानात यायला या संगीताला एकसष्ट वर्षे लागली आणि मैदानाचे दार उघडायला राजकीय पक्षाचा हात लागला, ही खरी ऐतिहासिक गोष्ट आहे.

रॅपचे शब्द मात्र त्यानंतर आणि वेगळ्याच वाटेने आले. अंधेरीच्या जे. बी. नगरचा विवियन फर्नांडिस (डिव्हाइन) याला रॅपची ओळख झाली ती वर्गमित्राच्या टी-शर्टवरील ५० सेंट या रॅपरच्या चित्रामुळे, ही कथा आता सर्वश्रुत आहे. कुर्ल्याच्या नावेद शेखने (नेझी) वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर २०१४ मध्ये 'आफत' तयार केले. नामदेव ढसाळ गेले तेही त्याच वर्षी, जानेवारीत. २०१५ मध्ये या दोघांचे 'मेरे गली में' आले, धारावीत 'डोपअडेलिक्स', 'सेव्हन बंटाइज' अशी मंडळे उभी राहिली, २०१९ मध्ये झोया अख्तरचा 'गली बॉय' आला आणि न्यूयॉर्कचा रॅपर नॅस याचे नाव त्याच्या कार्यकारी निर्मात्यांत झळकले. म्हणजे मुंबईत स्वतःच्या बोलीत रॅप करणारे कवी आधी तयार झाले, आणि मोठ्या अमेरिकन रॅपरांच्या मैफलींची रीघ नंतर लागली : जे-झी नोव्हेंबर २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ग्लोबल सिटिझनच्या सोहळ्यात, पोस्ट मलोन डिसेंबर २०२२ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, ट्रॅव्हिस स्कॉट १९ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच रेसकोर्सवर. जानेवारी २०२६ च्या 'लोलापलूझा'साठी जी नावे जाहीर झाली, त्यांत अटलांटाचा रॅपर प्लेबॉय कार्टी होता आणि जपानचा गायक फुजी काझेही. अमेरिका आणि जपान एकाच मैदानात! काझे हा रॅपर नव्हे, पण त्याच्या नावाने एक प्रश्न मनात येतो : जपान्यांनी हे सारे कसे ऐकले?

त्यांचा क्रम आपल्या नेमका उलटा आहे. 'वाइल्ड स्टाइल' हा ब्रॉन्क्सच्या हिपहॉपवरचा चित्रपट १९८३ मध्ये तोक्योत दाखविला गेला, तेव्हा त्यातील नर्तक, तबकडीवादक आणि चित्रकार स्वतः तेथे गेले होते. लोकांनी प्रथम पाहिली ती पडद्याबाहेरची, घाम गाळणारी माणसे. रविवारी वाहनांना बंद होणाऱ्या हाराजुकूच्या रस्त्यांवर, योयोगी बागेजवळ, तरुण मुले ते नाच करू लागली. पुढे जगभर नावाजला गेलेला डीजे क्रश आपल्या वाटचालीचा आरंभ याच चित्रपटापासून मोजत आला आहे. शब्द मात्र मागाहून आले. इतो सेइको यांचा १९८६ चा संग्रह जपानी रॅपच्या आरंभीच्या प्रयत्नांत मोजतात. हे गृहस्थ कादंबरीकारही आहेत, २०११ च्या त्सुनामीवर त्यांनी लिहिलेली कादंबरी नावाजली गेली. आपल्याकडे कादंबरीकाराने रॅप केल्याचे उदाहरण नाही. (रॅपरने कादंबरी लिहावी म्हणून मी वाट पाहतो आहे.) १९९४ च्या 'दा. यो. ने' या गाण्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या, आणि जुलै १९९६ मध्ये हिबियाच्या खुल्या रंगमंचावर, पावसात, 'सानपिन कॅम्प' ही मैफल झाली. बाजारी रॅपला उत्तर म्हणून योजलेली ही मैफल तेथील हिपहॉपच्या इतिहासात आपल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनासारखी सांगितली जाते.

इयन कॉन्ड्री या अभ्यासकाच्या 'हिप-हॉप जपान' (२००६) या पुस्तकात एक जपानी शब्द वारंवार येतो : 'गेम्बा'. अर्थ साधा आहे : जेथे गोष्ट प्रत्यक्ष घडते ते ठिकाण. जपानी रॅपर म्हणतात, खरा हिपहॉप गेम्बावर कळतो. तबकडीवर, वाहिनीवर नव्हे. मला हा शब्द वाचताच आपला 'फड' आठवला. तमाशाचा फड, शाहिरांचा फड, कुस्तीचा फड. फड म्हणजे जागाही आणि जमावही. कलगी आणि तुरा यांचे सवालजवाब घरी बसून रचता येत नसत. समोरच्याने कोडे घातले की समोरच, लोकांच्या देखत, त्याचा उलगडा करावा लागे. 'रॅप म्हणजे आपला पोवाडाच' असे विधान आजकाल सर्रास केले जाते. ते मला आळशीपणाचे वाटते. पोवाडा हा बहुतेकदा दुसऱ्याच्या पराक्रमाचा असतो, रॅप प्रायः स्वतःच्या. शाहिराला आश्रयदाता असतो, रॅपरला कंपनी असते, आणि या दोन गोष्टींत फरक आहे. साम्य शोधायचेच तर ते आशयात किंवा आवेशात शोधू नये, फडाच्या व्यवस्थेत शोधावे. उदाहरणार्थ, रॅपरच्या मागे एक साथीदार असतो, जो ओळीचे शेवटचे शब्द उचलून जोराने म्हणतो, दम घ्यायला वेळ देतो, गर्दीला चेतवतो. शाहिरामागचे झीलकरी वेगळे काय करतात?

भाषेच्या अंगानेही जपानी उदाहरण आपल्याला उपयोगी आहे. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे प्रत्येक ओळीचा शेवट त्याच त्या प्रत्ययांनी होतो आणि यमक फुकट मिळते; फुकट मिळालेल्या यमकाला किंमत नसते. जपानीत रॅप होणारच नाही असे म्हणणारे याच कारणाकडे बोट दाखवीत. किंग गिड्रासारख्या मंडळांनी १९९५ च्या सुमारास ओळीचा क्रम उलटून, शेवट नामावर आणून हे कोडे सोडविले. मराठीची अडचण तीच : 'करतो, धरतो, मरतो' अशी रांग कोणीही लावील. पण आपल्याकडे हे कोडे अठराव्या शतकातच सोडविलेले होते. मोरोपंतांची यमके विद्यार्थ्यांना पाठ असतात. त्यांच्यापेक्षा येथे अधिक जवळचे आहेत अमृतराय. त्यांचे 'कटाव' कीर्तनात एका दमात, वाढत्या लयीत म्हटले जात. अनुप्रासामागून अनुप्रास, यमकामागून यमक, श्रोत्याला श्वास घ्यायला उसंत नाही, आणि शब्दांचा क्रम गद्याच्या क्रमाला न जुमानणारा. आपण कटाव 'शब्दचमत्कृती' म्हणून एका वाक्यात उरकतो. मुक्तछंद रुळल्यानंतर यमक म्हणजे पोरकटपणा, असे दोन-तीन पिढ्यांना वर्गात शिकविले गेले. सुदैवाने ज्यांनी पुढे यमकाला मराठीत पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, ती मुले आमच्या वर्गात नव्हती. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर (१०० आरबीएच) वऱ्हाडी वळणाच्या मराठीत ज्या प्रकारे नामांवर ओळ तोडतो, ते ऐकताना मला इतो सेइकोपेक्षा अमृतरायच जवळचे वाटतात.

आता आनंदाविषयी, कारण इतिहासाच्या भरात तो निसटू नये. गेल्या नोव्हेंबरात दोन माजी विद्यार्थ्यांच्या आग्रहाने मी महालक्ष्मीला गेलो होतो. काशीगावात राहणाऱ्याला हे सोपे नाही. आधी काशीमिरा नाका गाठा, मग मीरा रोड स्थानक. महालक्ष्मीला जलद गाडी थांबत नाही, तेव्हा धिमी पकडा. मैदानावर धूळ, चार-पाच ठिकाणी झडती, पाण्याच्या बाटलीला सिनेमागृहातला भाव. पण ताल सुरू झाला आणि तो कानाने ऐकण्याऐवजी छातीच्या पिंजऱ्यात वाजला, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या माणसालाही पाय आवरता आले नाहीत हे खरे. समोर मुलांनी गोल रिंगण केले, क्षणभर थांबली आणि तालाच्या ठोक्याबरोबर एकमेकांवर झेपावली. कोणी पडला तर चार हात त्याला उचलीत. हे पाहताना आषाढातल्या रिंगणाची आठवण होणे अपरिहार्य होते, आणि ती आठवण मी लगेच बाजूला सारली, कारण 'हे आमच्याकडे होतेच' हा रोग मलाही जडतो.

एक गोष्ट मात्र खटकली. शब्द ऐकू येत नव्हते. कवितेच्या ओढीने गेलेल्या माणसाच्या हाती ताल आणि प्रकाश लागला. शब्द होते ते गर्दीच्या तोंडी, पाठ केलेले. मंचावरचा माणूस अर्धी ओळ सोडून देई आणि हजारो कंठ ती पुरी करीत. म्हणजे येथे श्रोतेच झीलकरी झाले होते. ते सुंदरच होते, पण तेथे नवे काही रचले जात नव्हते. रात्री दहाच्या ठोक्याला ध्वनिप्रदूषणाच्या नियमाने सगळे थांबले आणि पाऊण तास आम्ही दाराकडे सरकत राहिलो.

याच्या उलट अनुभव रॅपच्या लहान मेळ्यांचा, ज्याला ही मुले 'सायफर' म्हणतात. बागेच्या कोपऱ्यात, पुलाखाली, वीस-पंचवीस मुले गोल उभी राहतात. एकजण तोंडाने ताल धरतो, दुसरा बोलतो, त्याचे संपले की तिसरा त्याचाच शेवटचा शब्द पकडून पुढे जातो. येथे प्रत्येक शब्द ऐकू येतो, चुकला तर हसे होते, नवे यमक सापडले तर सगळे ओरडतात. मीरा-भाईंदरमध्ये अशा वर्तुळांत मी एकाच बैठकीत मराठी, हिंदी, भोजपुरी, गुजराती आणि आगरी वळणाची बोली ऐकली आहे. जुलै २०२५ मध्ये भाषेच्या वादावरून मीरा रोड देशभर बातम्यांत होते. मोर्चे निघाले, धरपकड झाली. मराठीचा आग्रह मला मान्य आहे, माझे पोट त्याच भाषेवर आहे. पण त्या महिन्यात एका वर्तुळात भोजपुरी बोलणाऱ्या मुलाने केवळ यमक जुळते म्हणून मराठी शब्द उचलला, त्याचा अर्थ शेजाऱ्याला विचारला आणि पुढच्या फेरीत तो बरोबर वापरला. भाषासंवर्धनाच्या परिसंवादांत बसून मी इतके परिणामकारक काही पाहिलेले नाही.

'स्वदेसी' या मुंबईच्या मंडळाने हीच गोष्ट जाणीवपूर्वक केली आहे. त्यांचा एमसी मवाली मराठी-हिंदीत रॅप करतो. धर्मेश परमार (तोडफोड) गुजरातीत करी, मार्च २०२२ मध्ये तो फार लवकर गेला. २०१९ मध्ये, आरेच्या जंगलातील मेट्रो कारशेडला विरोध होत असताना, त्यांनी 'वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. त्यात आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एका रात्रीत तेथील झाडे तोडायला सुरुवात झाली आणि दोन हजारांवर झाडे गेली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले तेव्हा गाणे आणि मोर्चा यांच्यात अंतर नव्हते. संभाजी भगतांपर्यंत ती परंपरा अखंड आली. 'स्वदेसी'ची मुले त्या परंपरेत बसतात की नाही, हा वाद मी एम. ए.च्या वर्गात मुद्दाम घडवून आणला. वर्गात एकदा अमृतरायांचा कटाव मोठ्याने वाचला आणि लगेच हे गाणे लावले. आक्षेप चांगले आले. एका विद्यार्थिनीने विचारले, की शाहिराचे गाणे गावात कोणीही उचलून गाऊ शके, रॅपचे गाणे मात्र ज्याने रचले त्यानेच म्हणावे लागते; मग त्याला लोकसाहित्य कसे म्हणायचे? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नव्हते. अभ्यासक्रमाची अडचणही तीच आहे : लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेला हे चालत नाही कारण कर्ता ठाऊक आहे, आधुनिक कवितेच्या अभ्यासपत्रिकेला चालत नाही कारण ते छापलेले नाही.

दरम्यान, आमच्याच लोकलमार्गावरची मुले कोणाच्या परवानगीसाठी थांबलेली नाहीत. वसई-नालासोपाऱ्याकडच्या 'किंग्ज युनायटेड'ने २०१५ मध्ये सॅन डिएगोच्या जागतिक हिपहॉप नृत्यस्पर्धेत कांस्यपदक मिळविले आणि २०१९ मध्ये 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकले. भाईंदर-नायगावच्या वस्त्यांतील 'व्ही अनबीटेबल' २०२० मध्ये 'अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स'चे विजेते ठरले, नावातील 'व्ही' हे सरावात गमावलेल्या एका सहकाऱ्याचे आद्याक्षर आहे. लिऑन ॲबीचा ताफा बोटीने मुंबईत आला होता. ही मुले विमानाने तिकडे गेली, आणि अमेरिकन प्रेक्षकांनी त्यांना उभे राहून दाद दिली.